शेवटच्या पानावरील अखेरची चाल : प्रस्तावना

पोकर या पत्त्यांच्या खेळात पाचवे आणि शेवटचे पान उघडल्यानंतर, ज्याची पाळी सर्वांत शेवटी येते त्या खेळाडूने पैज केव्हा लावावी, किती लावावी आणि केव्हा मुळीच लावू नये, हा प्रस्तुत ग्रंथाचा विषय आहे. विषयाचा परीघ लहान आहे, कारण एका डावातील अनेक प्रसंगांपैकी येथे एकच प्रसंग घेतला आहे आणि त्यातही टेबलाच्या दोन बाजूंपैकी एकाच बाजूचा विचार केला आहे. ही निवड मात्र हेतुपूर्वक केलेली आहे. आधीच्या फेऱ्यांमध्ये खेळाडूला दोन प्रकारच्या अज्ञानाशी झुंजावे लागते : पुढे कोणते पान येईल हे त्याला ठाऊक नसते आणि समोरच्याच्या हातात काय आहे हेही ठाऊक नसते. शेवटचे पान पडताच पहिले अज्ञान संपते, हात जिंकणारा आहे की हरणारा हे ठरून जाते, आणि केवळ दुसरे अज्ञान शिल्लक उरते. अपुऱ्या माहितीवर शहाणा निर्णय कसा घ्यावा, या फार मोठ्या प्रश्नाचे गणिताने पडताळून पाहता येईल असे उत्तर पोकरमध्ये सर्वांत स्पष्टपणे येथेच सापडते.

पोकरच्या अनेक प्रकारांपैकी येथे 'टेक्सास होल्डेम' हा प्रकार गृहीत धरला आहे. त्यात 52 पानांच्या जोडातून प्रत्येकाला दोन पाने झाकून वाटली जातात आणि टेबलाच्या मध्यभागी सर्वांसाठी मिळून पाच पाने उघडली जातात; त्यांपैकी पहिली तीन एकदम येतात आणि त्यांना 'फ्लॉप' म्हणतात, चौथे पान 'टर्न' आणि पाचवे 'रिव्हर' होय. हातातील दोन आणि मधली पाच अशा सात पानांतून प्रत्येकाने आपला सर्वोत्तम पाच पानांचा हात बनवायचा असतो. पाने वाटल्यावर एकदा आणि त्यानंतर प्रत्येक टप्प्यावर एकदा अशा पैजेच्या चार फेऱ्या होतात, आणि पैजेतून जमलेली रक्कम 'पॉट' या नावाने मध्ये साठत जाते. आपली पाळी आल्यावर, आधी कोणी पैज लावली नसेल तर खेळाडू 'चेक' म्हणू शकतो, म्हणजे काहीही न लावता पाळी पुढे सोपवू शकतो, किंवा स्वतः पैज लावू शकतो. कोणी पैज लावलेली असेल तर तेवढीच रक्कम भरून 'कॉल' करणे, ती वाढवून 'रेझ' करणे किंवा पाने टाकून 'फोल्ड' होणे असे तीन मार्ग त्याच्यापुढे असतात.

दिवाळीच्या रात्री घराघरांत रंगणाऱ्या तीन पत्तीची ज्यांना सवय आहे त्यांना फोल्ड म्हणजे पॅक होणे आणि अखेरीस पाने उघडणे म्हणजे शो, एवढे सांगितले की पुरते. एक भेद मात्र त्यांनी आरंभीच ध्यानात ठेवला पाहिजे. तीन पत्तीत पाळी आली की चाल भरावी लागते किंवा पॅक व्हावे लागते. काही न भरता डावात टिकून राहण्याची सोय तेथे नाही. पोकरमध्ये ती सोय आहे, आणि प्रस्तुत विषयाचा प्राण तीच आहे. तीन पत्तीतून पोकरकडे वळलेल्या खेळाडूचा हात रिव्हरवर आपोआप नाण्यांकडे जातो, कारण न भरता थांबणे ही देखील एक चाल असू शकते हे त्याच्या अंगवळणी पडलेले नसते.

पाळीचा क्रम 'बटन' नावाच्या चकतीवरून ठरतो. ही चकती प्रत्येक डावानंतर डावीकडच्या खेळाडूकडे सरकते, आणि फ्लॉपपासून पुढे बटनच्या डाव्या हाताला बसलेला खेळाडू प्रथम बोलतो व बटनवर बसलेला सर्वांत शेवटी. शेवटी बोलणाऱ्याला इतरांनी काय केले हे पाहून निर्णय घेता येतो, एवढाच या जागेचा लाभ आहे असे सामान्यतः मानले जाते. रिव्हरवर त्याहून मोठा एक लाभ त्याच्याकडे असतो. प्रथम बोलणाऱ्याने चेक केले तरी डाव संपेल याची त्याला शाश्वती नसते, कारण मागून पैज येऊ शकते. शेवटी बोलणाऱ्याने चेक केले की त्याच क्षणी पाने उघडावी लागतात. हात आहे त्या किमतीत, एकही नाणे अधिक न मोजता, उघडून पाहण्याचा हक्क टेबलावर फक्त त्याच्याकडे असतो. अखेरच्या जागेची खरी ताकद पैज लावण्याच्या हक्काइतकीच, किंबहुना काकणभर अधिकच, या न लावण्याच्या हक्कात आहे, हे या ग्रंथाचे प्रतिपादन आहे.

त्याची सर्वांत स्वच्छ सिद्धता प्रिन्स्टनचे गणितज्ञ हॅरल्ड कून यांनी 1950 मध्ये मांडलेल्या एका चिमुकल्या खेळात मिळते. त्यात गुलाम, राणी आणि राजा ही तीनच पाने असतात, दोन खेळाडू प्रत्येकी एक नाणे मध्ये ठेवतात, प्रत्येकाला एक पान मिळते आणि तिसरे पान बाजूला झाकून राहते. यानंतर एकच फेरी होते, तीत एकाच नाण्याची पैज लावता येते, आणि रेझ करण्याची मुभा नसते. पुढे कोणतेही पान यायचे नसल्यामुळे हा खेळ म्हणजे रिव्हरचीच नेमकी प्रतिकृती आहे. आता पहिल्याने चेक केले आहे आणि निर्णय दुसऱ्याच्या हाती आहे असे समजावे. त्याच्याकडे राजा असेल तर त्याने पैज लावावी हे उघड आहे. त्याच्याकडे राणी असेल तर काय करावे? पैज लावल्यास समोरचा राजा ती आनंदाने स्वीकारील आणि समोरचा गुलाम निमूटपणे पॅक होईल. म्हणजे वरचे पान पळून जात नाही आणि खालचे पान पैसे देत नाही. राणीवर लावलेल्या पैजेतून जिंकण्यासारखे काहीच नसते, हरण्यासारखे मात्र एक नाणे असते, म्हणून राणीने नेहमी चेक करावे. गुलामाची गोष्ट वेगळी आहे. पाने उघडली तर तो हरणारच, त्यामुळे चेक करून त्याच्या पदरात काही पडत नाही. पण पैज लावली तर समोरची राणी घाबरून पॅक होण्याची शक्यता असते. यालाच ब्लफ म्हणतात, आणि त्यासाठी मधले पान नव्हे तर सर्वांत हलके पान वापरायचे असते, ही गोष्ट अनेक वर्षे खेळलेल्यांनाही चटकन पटत नाही.

हा ब्लफ किती वेळा करावा याचेही उत्तर कून यांच्या खेळात निश्चित आहे : गुलाम आला असता तीनांतून एकदा. दुसऱ्याने पैज लावली की मध्ये तीन नाणी असतात आणि समोरच्या राणीला ती मिळवण्यासाठी एक नाणे भरावे लागते. चारांतून एकदा जरी तिचा विजय होत असेल तरी तिचे नफा-नुकसान समसमान होते. राजा प्रत्येक वेळी आणि गुलाम तीनांतून एकदा पैज लावत असेल तर पैजेमागे गुलाम असण्याचे प्रमाण नेमके चारांतून एक येते, आणि मग राणीने कॉल केला काय किंवा न केला काय, तिला त्यात काहीच मिळत नाही. ब्लफला धाडसाची, छातीठोकपणाची किंवा चेहरा निर्विकार ठेवण्याची करामत समजणाऱ्यांनी येथे क्षणभर थांबावे, कारण त्याची मात्रा शुद्ध अंकगणिताने ठरलेली आहे. दोघेही खेळाडू निर्दोष खेळले तर या खेळात प्रथम बोलणारा दर डावास सरासरी एका नाण्याचा 1/18 भाग गमावतो. दोघांची पाने समान संधीने आलेली असतात, दोघांचे ज्ञान सारखे असते, चूक कोणीच करत नाही. फरक असतो तो केवळ पाळीच्या क्रमाचा.

तीन पानांवरून अनेक पानांकडे जाण्याचा मार्ग जॉन फॉन नॉयमन यांनी त्याआधीच आखून ठेवला होता. ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्यासह 1944 मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या, खेळांचा सिद्धांत आणि आर्थिक वर्तन यांविषयीच्या ग्रंथात पोकरवर एक स्वतंत्र विवेचन आहे. त्यातील प्रतिमानात प्रत्येकाचा हात म्हणजे शून्य आणि एक यांच्यामधील एक संख्या मानली जाते, एकाला पैज लावण्याचा किंवा पाने उघडण्याचा पर्याय असतो आणि दुसऱ्याला कॉल किंवा फोल्ड एवढाच. समोरच्याने चेक केल्यानंतर रिव्हरवर शेवटच्या जागी बसलेल्या खेळाडूची स्थिती हीच असते. पैज पॉटइतकीच ठेवली तर उत्तर नऊ भागांत सुबक रीतीने विभागले जाते : आपल्या संभाव्य हातांपैकी वरच्या दोन नवमांशांवर पैज लावावी, तळाच्या एका नवमांशावरही पैज लावावी, आणि मधल्या सहा नवमांशांवर, म्हणजे तब्बल दोन तृतीयांश हातांवर, चेक करावे. समोरच्याने वरच्या चार नवमांश हातांवर कॉल करावा आणि उरलेले टाकून द्यावेत. पॉटमध्ये 900 रुपये असतील आणि पैज लावण्याची मुभाच नसेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी 450 रुपये येतात. अखेरची पैज हाती असणाऱ्याला मात्र 500 रुपये मिळतात. वरचे हे 50 रुपये त्या जागेची किंमत होय.

या आकड्यांत व्यवहाराचे दोन नियम दडलेले आहेत. पहिला असा की पैज ज्या हातांकडून स्वीकारली जाईल त्या हातांपैकी निम्म्यांहून अधिक हातांना आपला हात हरवत असेल तरच, ब्लफ म्हणून नव्हे तर कॉल मिळून कमाई व्हावी म्हणून, ती लावावी. समोरच्याच्या सर्व संभाव्य हातांशी तुलना करणे ही येथील सर्वांत सामान्य चूक आहे, कारण दुबळे हात पैज पाहून निघून जातात आणि मागे उरतात ते बळकट हात. दुसरा असा की ब्लफचे प्रमाण पैजेच्या आकाराबरोबर बदलले पाहिजे : पॉटइतक्या पैजेमागे दोन खऱ्या हातांना एक ब्लफ चालतो, अर्ध्या पॉटच्या पैजेमागे तीनास एक. पैज जेवढी मोठी तेवढी समोरच्याला कॉल करणे महाग पडते आणि तेवढे अधिक ब्लफ तिच्या आड लपू शकतात. बहुतेक खेळाडू याच्या अगदी उलट वागतात. ते खरा हात असताना मोठी पैज लावतात आणि ब्लफ करताना थोडक्यात निभावू पाहतात.

प्रत्यक्ष टेबलावर हे कसे दिसते ते पाहण्यासाठी मध्ये इस्पिक राजा, इस्पिक नव्वी, चौकट चौकी, किलवर सत्ती आणि रिव्हरवर इस्पिक दुर्री अशी पाने आली आहेत, आणि समोरच्याने चेक केले आहे असे समजावे. एकाच चिन्हाची पाच पाने जमली की होणाऱ्या हातास आपल्याकडे कलर म्हणतात. येथे ज्याच्या हातात दोन इस्पिक असतील त्याचा कलर पुरा झाला. अखेरच्या जागी बसलेल्याकडे इस्पिक राणी व इस्पिक गुलाम असतील तर त्याने पैज लावावी याविषयी दुमत नसावे. त्याच्याकडे बदाम राजा आणि बदाम गुलाम असतील तर राजाची जोडी होते. हा हात कून यांच्या राणीसारखाच आहे, म्हणून तो मुकाट्याने उघडून दाखवावा. आणि त्याच्याकडे इस्पिक एक्का व चौकट राणी असतील, तर हातात जोडीसुद्धा नाही, तरीही ब्लफसाठी याहून चांगला हात शोधून सापडणार नाही. समोरच्याकडे कलर होण्याच्या एरवी 45 जुळण्या संभवतात. इस्पिक एक्का आपल्याच हातात असल्यामुळे त्यांतील नऊ बाद होऊन 36 उरतात, आणि बाद झालेल्या नऊ नेमक्या सर्वोच्च असतात. सर्वांत मोठा कलर समोर असूच शकत नाही, हे गुपित टेबलावर एकट्यालाच ठाऊक असते. अशा पानांना अडवणारी पाने म्हटले जाते, आणि ब्लफसाठी हलक्या हातांतून निवड करताना त्यांचाच आधार घ्यावा लागतो.

समोरच्याने चेक करण्याऐवजी स्वतः पैज लावली, तर अखेरच्या जागेचा प्रश्न बदलतो आणि बऱ्याच अंशी सोपा होतो. 900 रुपयांच्या पॉटमध्ये 450 रुपयांची पैज आली तर कॉल करणाऱ्याला चारांतून एकदा, आणि 900 रुपयांची आली तर तीनांतून एकदा जिंकणे पुरते. चेक करून मागाहून रेझ करण्याची जी युक्ती प्रथम बोलणारे वापरतात, तिच्या धास्तीने निम्म्याचा वर सांगितलेला नियम किंचित कडक करावा लागतो; त्याचे सविस्तर गणित त्या-त्या प्रकरणात दिले आहे.

संगणकाने या सिद्धांतांना दिलेला दुजोरा येथे नोंदवला पाहिजे. जानेवारी 2017 मध्ये पिट्सबर्ग येथील एका कॅसिनोत कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ट्युओमास सँडहोम आणि नोम ब्राउन यांनी तयार केलेल्या 'लिब्राटस' या प्रणालीने चार व्यावसायिक खेळाडूंशी 1,20,000 डाव खेळून त्यांचा निर्णायक पराभव केला. तिच्या खेळात पॉटपेक्षा कितीतरी मोठ्या पैजा येत, त्या कधी सर्वोत्तम हातावर असत तर कधी कुचकामी हातावर, आणि मधले हात ती शांतपणे उघडत असे. तिला कोणाचा चेहरा दिसत नव्हता, आणि तिचा स्वतःचा चेहराही नव्हता.

खेळाच्या अशा गणिताला भारतीय परंपरेत, त्यातही विदर्भाच्या मातीत, जुना आधार आहे. महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यानाची नायिका दमयंती ही विदर्भाची राजकन्या, आणि कथेतील कुंडिनपुराची ओळख अमरावती जिल्ह्यातील कौंडिण्यपुराशी सांगितली जाते. द्यूतात राज्य गमावलेला नल, बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी होऊन, याच विदर्भाच्या वाटेवर रथ हाकत असतो. तेव्हा ऋतुपर्ण एका बेहड्याच्या झाडाकडे नजर टाकून त्याच्या दोन फांद्यांवर 2095 फळे असल्याचे सांगतो, नल झाड तोडून मोजणी करतो आणि आकडा बरोबर निघतो. त्यानंतर अश्वविद्येच्या बदल्यात नलाला जे 'अक्षहृदय', म्हणजे फाशांची विद्या, मिळते, त्याच्या बळावर तो पुष्कराकडून राज्य परत जिंकतो. प्राचीन द्यूतात बेहड्याच्या फळांचेच फासे असत, आणि उचललेल्या फळांना चाराने भागून काय उरते यावर कृत, त्रेता, द्वापर व कलि ही दाने ठरत, हे ज्याला माहीत आहे त्याला झाडावरची मोजणी आणि फाशांची विद्या एकाच प्रसंगात का आली याचे नवल वाटणार नाही. संभाव्यतेच्या इतिहासकारांनीही या उपाख्यानाची दखल घेतलेली आहे. आपल्याकडे मात्र नलाचे व्यसन लोकांच्या लक्षात राहिले आणि त्याचे पुढचे शिक्षण विस्मरणात गेले, ही खेदाची गोष्ट आहे.

नागपूरच्या वाचकाला बुद्धीच्या खेळांचे महत्त्व वेगळे पटवून द्यावे लागू नये. या शहराच्या दिव्या देशमुख यांनी जुलै 2025 मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे कोनेरू हम्पी यांना हरवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने त्या ग्रँडमास्टर झाल्या. बुद्धिबळात दोन्ही बाजूंची सर्व मोहरी डोळ्यांसमोर असतात. व्यापारातील बोली, न्यायालयातील तडजोड आणि निवडणुकीतील उमेदवारी या व्यवहारांत तसे नसते, आणि त्यांचे प्रतिमान म्हणून पोकर अधिक जवळचा आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने पोकरच्या सिद्धांताचा अभ्यासक्रमही चालवला आहे.

कायद्याची बाजू स्पष्ट शब्दांत सांगणे आवश्यक आहे. नागपूर ज्या मध्य प्रांतात होते त्याला 1867 चा सार्वजनिक जुगार कायदा लागू होता, आणि केवळ कौशल्याच्या खेळांना त्यातून सूट होती. सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये सत्यनारायण खटल्यात रमीला मुख्यत्वे कौशल्याचा खेळ ठरवले व तीन पानांच्या फ्लशला त्यापासून वेगळे काढले. पोकरविषयी मात्र उच्च न्यायालयांचे एकमत झाले नाही, आणि गुजरात उच्च न्यायालयाने 2017 मध्ये त्याला नशिबाच्या खेळांत बसवले. महाराष्ट्राने 1976 मध्ये केलेला कॅसिनोविषयक कायदा कधीच अमलात आला नाही आणि 2023 मध्ये तो रद्द झाला. गोव्यात मात्र मांडवीच्या पात्रातील जहाजांवर पोकरची टेबले आहेत. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने, कौशल्य आणि नशीब असा भेद न करता, पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या सर्व ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. कर्जाच्या खाईत गेलेली कुटुंबे पाहता या बंदीमागची काळजी खरी आहे. पुढील पृष्ठांत दिलेले गणित कोणालाही श्रीमंत करण्यासाठी लिहिलेले नाही. ज्या लाभाची किंमत 900 रुपयांमागे 50 रुपये इतकीच आहे आणि तीही दोन्ही बाजू समतोल असताना, त्याच्या भरवशावर कोणी घरची पुंजी टेबलावर मांडू नये.

वाचकाने पहिल्या प्रकरणाकडे वळण्यापूर्वी पत्त्यांच्या जोडातून एक गुलाम, एक राणी आणि एक राजा वेगळा काढावा, घरातील कोणाला तरी समोर बसवावे, पैशांऐवजी चिंचोके घ्यावेत आणि कून यांचा खेळ जागा आलटूनपालटून निदान शंभर डाव खेळून पाहावा. राणी हातात असताना पैज लावण्याचा मोह किती वेळा होतो हे त्याने कागदावर टिपून ठेवावे. पुढील प्रकरणे वाचताना त्या टिपणाचा उपयोग होईल.